न बोलणारी गाडी

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वेस्ट मांबलममधल्या घरासमोर निळी सेडान येऊन थांबली. शोरूमने ती चालवून पाहण्यासाठी पाठवली होती. दारातल्या कोलमच्या, पिठाच्या रांगोळीच्या, वीतभर अलीकडे पुढचं चाक थांबलं आणि एकही रेघ पुसली गेली नाही.

गिरीधरने शोरूमला रविवार सांगितला होता. सौम्याने तो परस्पर बदलून सोमवार केला. "रविवारी सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात," ती नवऱ्याला म्हणाली होती. "रोजच्या वेळेला, रोजच्या रस्त्यावर, रोजची माणसं बसवून पाहू. मग काय तें बोल."

रोजचा रस्ता म्हणजे वेस्ट मांबलम ते अण्णा नगर. अण्णा नगरचं घर भावांच्या वाटणीत गेलं तरी सौम्याची मुलगी भव्या हिची शाळा तिथलीच राहिली होती. नऊ वर्षांच्या नातीला शाळेत नेण्या-आणण्याचं काम गिरीधरच्या वडिलांनी, बालाजीरावांनी, मागून घेतलं होतं. वाटणीत त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. हंबीररावांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, तंजावरहून मद्रासला पहिली गाडी स्वतः चालवत आणली, तेव्हापासून घरची गाडी घरचा मोठा पुरुष चालवतो, अशी त्या घरची रीत होती. चालक कधी ठेवला नाही. सुनांना लायसन्स काढू दिलं, पण किल्ली दिली नाही. सौम्याचं लायसन्स कपाटात होतं.

गाडी दिसताच गिरीधर पायऱ्यांवरच थबकला. बेचाळीस वर्षांचा बँक अधिकारी. कशाने सहज हरखून जाणारा नव्हता. रंग गडद निळा, पण ऊन पडलं तिथे जांभळ्याकडे झुकणारा. छत मागे उतरत डिकीत असं मिसळलं होतं की ते नेमकं कुठे संपलं हे सांगता येईना. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. कॉफीपूड दळणाऱ्या दुकानातून दोघं बाहेर आले आणि गाडीला हात न लावता, हात मागे बांधून तिच्याभोवती फिरले.

"फार बरवी आहे पा," दारातून त्याची आई महालक्ष्मी म्हणाली. तिचा आवाज आपोआप खाली आला होता.

गाडीतून उतरलेल्या मुलीच्या छातीवर बिल्ला होता: रेवा एम. पंचविशीची, आखूड केसांची. तिने तुटक तमिळमध्ये वणक्कम केला आणि पुढचं सगळं इंग्रजीत सांगितलं. ती मुळात विक्रीतली नव्हती. कंपनी नव्या इंजिनिअरांना काही महिने शोरूममध्ये बसवते, गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकायला.

"मल्याळी असावी," महालक्ष्मी मुलाला म्हणाली.

"तेलुगूही असेल."

"कोणीही असो, वाळकी किती आहे पहा. घरीं जेवूं घालीत नाहीत काय?"

"अम्मा, ती समोर उभी आहे."

"तिजला काय कळतें?"

हे विचारण्यात उद्धटपणा नव्हता, सवय होती. तमिळ मुलुखात पिढ्यान् पिढ्या ही माणसं भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, बँकेच्या खिडकीपाशी मनातलं मराठीत बोलत आली होती. त्यांची मराठी म्हणजे त्यांच्यापुरतं दार लावून घेणं. आजवर ते दार बाहेरून कोणी उघडलं नव्हतं.

रेवा एम. म्हणजे रेवा मधुसूदन. कंपनीने इथल्या पद्धतीप्रमाणे वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर घेतलं आणि आडनाव बिल्ल्यावर आलंच नाही. ती साताऱ्याची. 'बरवी' हा शब्द ऐकताच तिच्या मानेवर काटा आला होता. पोथीच्या पारायणात ऐकलेला शब्द इथे, मोटारीच्या बॉनेटपाशी, कोणीतरी सहज बोलत होतं. 'तिजला.' 'घरीं.' सुरुवातीला तिला वाटलं, आपल्याला भास होतोय; चाल तमिळ होती, हेल तमिळ होते आणि शब्द मात्र कित्येक पिढ्यांमागचे. 'मी पण मराठी' असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वाळकीचा विषय निघाला. त्यानंतर बोलणं अवघड झालं. थोड्या वेळाने सांगू, असं तिने ठरवलं.

सौम्या गाडीकडे पाहत नव्हती, गाडी तपासत होती. तिने डिकी उघडवली, घरातून पाण्याचा मोठा कॅन आणून आत आडवा ठेवला, वर भव्याचं दप्तर आणि छत्री. मग सासूला मागच्या सीटवर बसवलं आणि उतरवलं. पुन्हा बसवलं. उतरताना महालक्ष्मीचा अंबाडा छताच्या कडेला घासला.

"बघ," सौम्या गिरीधरला म्हणाली. "दिसायला हवं म्हणून छत मागे खाली आणलं. अम्मांच्या गुडघ्यांना कोणी विचारलं नाही."

"तूं गाडी पाहतेस कीं कपाट?"

"रोज वापरायचं म्हटल्यावर कपाटच तें."

"अम्मा, तूंच सांग. एक अंबाडा लहान बांधला तर काय बिघडतें?"

"मी टक्कल करीन," महालक्ष्मी म्हणाली, "परंतु हीच घ्या." मुलाच्या बाजूने गेलेलं हे मत सौम्याने मनात नोंदवलं. एरवी गाडीच्या विषयात सासू-सून एकीकडे असत.

बालाजीराव अजून गाडीपाशी आले नव्हते. ते फाटकाजवळ उभे होते, पांढरी वेष्टी नेसलेले, उंच, ताठ. सौम्या त्यांच्याकडेच लक्ष ठेवून होती. फाटकाच्या खांबावर जुन्या गाडीचा पांढरा रंग दोनदा लागला होता. भव्या एकदा जेवताना आजोबांबद्दल म्हणाली होती, ताता गाडी चालवताना खाली बघतो. सौम्याने सासऱ्यांचे डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर क्वचित पाहायला मिळते. तिची शंका गेली नाही; फक्त कुठे ठेवावी हे तिला कळेना.

बालाजीराव गाडीला एक फेरी मारून पुढे आले. "स्टार्ट करा," ते रेवाला इंग्रजीत म्हणाले.

"सुरूच आहे, सर."

त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. तळवा बराच वेळ तिथेच राहिला. मग ते मान वाकडी करून, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसे ऐकत राहिले. इस्त्रीवाला हसला, गिरीधरही हसला. "आप्पा, पाहिलांत? आपली गाडी सुरू केली कीं अयोध्या मंडपापर्यंत कळतें!"

"होय," बालाजीराव म्हणाले. ते हसले नाहीत.

*

जाताना गिरीधरने गाडी चालवली. शेजारी रेवा. मागे बालाजीराव, मध्ये भव्या, पलीकडे महालक्ष्मी. सौम्याची ऑफिसची मीटिंग घरातूनच होती; ती गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिली.

अशोक पिलरच्या पुढे रस्ता तुंबला होता. मेट्रोच्या कामाचे पत्रे, मध्ये घुसणाऱ्या बसगाड्या, सगळ्यांचे हॉर्न. हे सगळं काचेपलीकडे चालू होतं आणि आत काही नव्हतं. महालक्ष्मीने हात हलवला तर तिला आपल्याच बांगड्या ऐकू आल्या. चाळिसाहून जास्त वर्षं ती मोटारीत बसत होती आणि मोटारीत तिने बांगड्या कधी ऐकल्या नव्हत्या. बाहेर एक माणूस तोंड भरभरून भांडत होता. जणू काचेच्या पेटीतला मासा. तिला देवळात शिरल्यासारखं वाटलं.

"ताता," भव्या कुजबुजली, "ही गाडी झोपली आहे कां?"

"झोपेंत चालते आहे," गिरीधर पुढून म्हणाला. "भव्या, गणित कर: ही झोपेंत एवढी चालते तर उठल्यावर किती?"

खड्डा आला. गिरीधरने दात आवळून वाट पाहिली. गाडी खड्ड्यात उतरली आणि वर आली. धक्का बसला, पण आवाज आला नाही. रेवाने इंग्रजीत सांगितलं, दारांच्या आत काय भरलंय, काच किती जाड आहे, सिग्नलला इंजिन आपोआप कसं बंद होतं आणि ब्रेक सोडला की कसं सुरू होतं. यातलं काही तिने स्वतः केलं होतं. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात ज्या विभागात ती शिकली, त्याचं कामच गाडीतले नको ते आवाज शोधून मारायचं होतं. हे सांगताना तिचा चेहरा उजळला.

"पोरीला आपलें काम आवडतें," महालक्ष्मी नवऱ्याला म्हणाली. "वाळकी असो, पण चांगली आहे."

रेवाने खिडकीबाहेर पाहिलं.

शाळेच्या फाटकात भव्याने उतरायला वेळ लावला, कारण वर्गातल्या दोघी बघत होत्या. गिरीधरची बँक पुढच्याच अव्हेन्यूवर. तो उतरला, किल्ली नसलेल्या त्या गाडीचं बटण त्याने वडिलांना दाखवलं आणि बालपणी बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "आप्पा, चालवून तर पहा. खरें सांगतों, असें कधीं चालवलें नसेल."

*

येताना बालाजीराव चालकाच्या सीटवर बसले. रेवा शेजारी, महालक्ष्मी मागे.

अण्णा नगरमधून ते सुरेख बाहेर पडले. रेवाने पुष्कळ गिऱ्हाइकांना गाडी चालवताना पाहिलं होतं. हे गृहस्थ वेगळे होते. वळण येण्याआधीच त्यांचे हात वळणात असत. पुढचा माणूस काय करणार, हे त्यांना त्या माणसाच्या पाठीवरून कळत होतं. एकच गोष्ट तिला खटकली: मध्येच, पापणी लवावी तसे, ते खाली स्वतःच्या पायांकडे बघत.

कोयंबेडूजवळ सिग्नल लागला. इंजिन बंद पडलं. गाडीत पूर्ण शांतता झाली.

"पाय कोठें आहे?" महालक्ष्मीने मागून विचारलं.

"आहे तेथेंच."

"पाहून सांगितलांत कीं कळून?"

"पाहून."

"मग काल काय म्हणालां? नवी गाडी आली कीं नीट होईल म्हणून?"

"जुनी बोलते गे. थरथरते, धडधडते. किती दाबलें तें कानाला कळतें, पाठीला कळतें. ही—" बालाजीरावांनी स्टिअरिंगवर हळूच बोट आपटलं. "ही बोलतच नाही. चांगली आहे. फार चांगली. पण मजशीं एक शब्द बोलत नाही."

"दिवाळींत निखाऱ्यावर पाय पडला, वास मला आला. तुम्ही उभेच होतां. त्या पायानें तुम्ही पोरीला रोज नेतां. मी देवासमोर बसतें आणि गाडी येईपर्यंत उठत नाही. किती दिवस बसूं?"

"तिच्यासमोर कशाला?"

"तिजला काय कळतें?"

रेवाला सगळं कळलं होतं.  शेजारी बसलेल्या माणसाला पायांची जाणीव नव्हती आणि तो आजवर गाडी कानांनी चालवत आला होता. हे अशक्य होतं आणि तिने ते आत्ताच पाहिलं होतं. त्या वळणांवर, त्या गर्दीत. तिच्या मनात भीतीआधी आश्चर्य आलं. मग लक्षात आलं की ज्या आवाजांवर तो गाडी चालवत होता तेच शोधून मारणं हे आपलं काम आहे. आता बोललंच पाहिजे. कोणत्या भाषेत, काय म्हणून, याची ती जुळवाजुळव करत होती, तोच सिग्नल हिरवा झाला.

पुढे केळीच्या पानांचे भारे लादलेली मोपेड होती. ती निघाली, तिच्यामागे ही गाडी निघाली, आणि डावीकडून बस आडवी आली. मोपेड जागीच थांबली. बालाजीरावांनी ब्रेक दाबला. गाडी पुढे झेपावली. आवाज काहीच बदलला नाही; बदलला असता तर त्यांना कळलं असतं.

"ब्रेक! काका, ब्रेक! पाय ॲक्सिलरेटरवर आहे तुमचा!"

समोरच्या पडद्यावर लाल चिन्ह उमटलं, काहीतरी किंचाळलं, आणि गाडीने स्वतःला थांबवलं. पट्टे छातीत रुतले. केळीच्या पानांची टोकं बॉनेटवर टेकली होती आणि वाऱ्याने त्यावर घासत होती. मोपेडवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

बालाजीरावांनी खाली पाहिलं, दोन्ही हातांनी गुडघा धरून उजवा पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

मागून हॉर्न सुरू झाले.  मग महालक्ष्मीने पुढे वाकून रेवाच्या खांद्याला हात लावला, अगदी बोटांच्या टोकांनी.

"तूं मराठी?"

"हो काकू. साताऱ्याची."

"साताऱ्याची," महालक्ष्मी म्हणाली. त्या गावाचं नाव तिने फक्त घरातल्या मोठ्यांच्या तोंडी ऐकलं होतं. ते नकाशावर आहे, तिथून बस निघते, मुली नोकरीला येतात, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. "सकाळपासून सगळें ऐकलेंस?"

"हो."

"वाळकी म्हणालें तेंही?"

"आई पण तेच म्हणते."

महालक्ष्मीला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. बालाजीराव समोर बघत होते.

*

पुढे गाडी रेवाने चालवली. वडपळनी आलं. मग बालाजीरावांनी विचारलं, "थांबली ती कोणी थांबवली?"

"गाडीने. समोर काही आलं आणि आपण ब्रेक लावला नाही, तर ती स्वतः लावते."

"स्वतः."  सकाळी बघायला हवं होतं आणि बघितलं नव्हतं, तसे ते आता डॅशबोर्डकडे बघत होते. "माझ्या वडिलांनी गाडी हाकली तेव्हां उतारावर पोराला दगड घेऊन मागें धावावें लागे, चाकाखालीं घालायला. तो पोर मी. आणि ही आपली आपण थांबते." त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "मग हीच घेऊं. आजच. हिच्यांत मजला पाय नसला तरी चालेल."

"नाही काका. तसं नाही." रेवाने शब्द शोधले. "ती दर वेळी थांबेलच असं नाही. ऊन डोळ्यावर असेल, पाऊस असेल, समोर कोणी तिरपं आलं असेल. आणि तुम्ही जोरात दाबलंत तर तिला वाटेल, तुम्हालाच पुढे जायचंय. ती तुमचं ऐकते. ती चालवणाऱ्याच्या पाठीशी असते, त्याच्या जागी नाही."

"आज थांबली."

"आज थांबली," रेवाने मान्य केलं.

"घरीं सांगूं नको," बालाजीराव म्हणाले. त्यांनी ते हुकमासारखं म्हटलं नाही. "तूं आमची मुलगी आहेस म्हणून सांगतों. पोरीला शाळेंत नेणें एवढेंच माझें राहिलें आहे. तें गेलें तर सकाळीं उठावयाचें कशाला?"

"सांग," मागून महालक्ष्मी म्हणाली.

दोघंही दचकले.

"मी सांगूं शकलें नाही. एका घरांत राहून ह्यांच्याविरुद्ध कसें सांगूं? तूं बाहेरची, सांग. तुला भाषाही येते. सुनेला सांग."

"अगे!"

"मी तुमच्याशीं बोलत नाही. मी तिच्याशीं बोलतें आहे."

 अशोक पिलरला रेवाने इंडिकेटर दिला. त्याचा टिकटिक आवाजही कंपनीने मुद्दाम मऊ केला होता.

*

सौम्याने मीटिंग बंद केली आणि खाली आली. फाटकासमोर सेडान उभी होती, चालकाच्या जागेवर ती मुलगी. सासरे डाव्या दाराने उतरले. हे सौम्याने आधी पाहिलं, बाकीचं नंतर.

"कशी होती?" तिने विचारलं.

"अप्रतिम," बालाजीराव म्हणाले आणि आत गेले. महालक्ष्मीने सुनेकडे पाहिलं, रेवाकडे पाहिलं, आणि तीही कॉफीसाठी आत गेली. कॉफी कोणी मागितली नव्हती.

सौम्या इंग्रजीत म्हणाली, "मला खरं सांगा. विकायचं बाजूला ठेवा. रोजच्यासाठी कशी आहे?"

"मागे उंची कमी आहे, तुम्ही म्हणालात ते बरोबर," रेवा मराठीत म्हणाली. "अम्मांना रोज त्रास होईल. डिकी चांगली. खड्डे चांगले घेते. भरलेली असताना मोठ्या गतिरोधकाला तिरकी काढावी लागेल."

सौम्याच्या डोळ्यांसमोरून सकाळ एकदा भरभर गेली. "अय्यो," ती म्हणाली. "कपाट म्हटलेलं ऐकलं?"

"कपाट मला पटलं."

दोघी हसल्या, आणि हसणं संपल्यावर सौम्या तशीच उभी राहिली. "आप्पा डाव्या बाजूने कां उतरले?"

रेवाने घराच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. "ताई, कोयंबेडूला गाडी स्वतः थांबली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चालवणाऱ्याने थांबवली नाही तर ती थांबते. आज थांबली. मी एवढंच सांगू शकते. बाकी तुम्ही त्यांना विचारा. डोळ्यांचं नाही, पायांचं विचारा."

सौम्याने खांबावरच्या पांढऱ्या रंगाकडे पाहिलं. आजवर तिने तो रंग नजरेच्या नावावर जमा केला होता. रेवा गाडीत बसली. निळी गाडी वळणावरून गेली. इस्त्रीवाल्यानेही ती जाताना ऐकली नाही.

संध्याकाळी गिरीधर उत्साहाने घरी आला तो गाडी ठरवूनच. स्वतः थांबते ही बातमी त्याला वडिलांनी फोनवर सांगितली होती; का थांबली, ते सांगितलं नव्हतं.

"आप्पांसाठींच बनवली आहे म्हण," तो बायकोला म्हणाला. "चूक झाली तरी गाडी सांभाळून घेते. अजून काय पाहिजे?"

"चूक कोणाची?"

"कोणाचीही. पुढे कोणी आलें तर."

"आप्पांना पायांचं विचार."

"कसलें पायांचें?"

बालाजीराव वर्तमानपत्रामागे होते. "पुढचा मोपेडवाला थांबला," ते पानाआडून म्हणाले. "मुंगी आडवी आली तरी तुझी बायको पंचायत बसवते."

"अम्मा, तुम्ही होतात ना गाडीत?" सौम्या सासूकडे वळली.

महालक्ष्मी तांदूळ निवडत होती. ती नवऱ्याकडे पाहून थांबली. चाळिसाहून जास्त वर्षं ती या ठिकाणी थांबत आली होती. "होतें," ती म्हणाली. "फार शांत होतें आंत." आणि तांदळात बोटं फिरवत राहिली. गिरीधरने ते उत्तर आपल्या बाजूचं धरलं. गाडी यायला महिना लागणार होता. तोवर जुनी चालू राहील, असं त्यानेच सांगून टाकलं. आपण एकटे पडलो हे सौम्याला कळलं. रात्री तिने नवऱ्याला कोयंबेडू सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, सकाळी बोलतो. सकाळी त्याला बँकेत लवकर जायचं होतं.

मंगळवारी जुनी गाडी नेहमीप्रमाणे धडधडत सुरू झाली. समोरच्या खिडक्यांची तावदानं हलली. भव्या मागे बसली, तिने डबा मांडीवर घेतला. बालाजीरावांनी आरसा नीट केला. त्यांचा चेहरा निवांत होता. गाडी त्यांच्याशी बोलत होती.

महालक्ष्मी कोलम घालून उठली होती. तिने पिठाची वाटी पायरीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि देवघराकडे जायच्या ऐवजी फाटकातून रस्त्यावर आली. गाडीच्या पुढे आली. बंपरपासून हातभर अंतरावर, दोन दिव्यांच्या मधोमध ती उभी राहिली, नवऱ्याकडे तोंड करून.

"बाजूला हो," बालाजीराव खिडकीतून म्हणाले.

ती हलली नाही.

"अगे, शाळेला उशीर होतो आहे."

"पहा मग," महालक्ष्मी म्हणाली. मोठ्याने म्हणावं लागलं, इंजिनाच्या वर. "पाय कळतो तर आणा गाडी पुढें. मी येथें आहें."

इस्त्रीवाला थांबला. कॉफीच्या दुकानातून माणसं बाहेर आली. एवढ्या वर्षांत या बाईंना कोणी रस्त्याच्या मध्यभागी पाहिलं नव्हतं. तिच्यात बळ आहे असं त्या गल्लीत कोणाला वाटलं नव्हतं. आता त्यांतलं कोणी पुढे आलं नाही, आणि कोणी हाकही मारली नाही.

भव्याने मागून विचारलं, "ताता, आजी कां उभी आहे?" ताताने खाली पाहिलं.

सौम्या गॅलरीतून हे पाहत होती. ती आत वळली, कपाट उघडलं, लायसन्स घेतलं आणि जिना उतरू लागली. ती पहिल्या मजल्याच्या वळणावर पोचली तेव्हा खाली इंजिन चालूच होतं, गाडी गिअरमध्ये होती, आणि महालक्ष्मी अजून समोर उभी होती.